कॉफीला वीज लागत नाही

परवा एका मित्राकडे गेलो होतो. नवा फ्लॅट, नवं स्वयंपाकघर आणि ओट्यावर गणपती बसवावा तशी बसवलेली कॉफीची मशीन. "थांब, आज तुला खरी कॉफी पाजतो," असं म्हणून त्याने बटण दाबलं आणि त्याच क्षणी लाईट गेली. सोसायटीचा जनरेटर लिफ्टपुरता. आम्ही पाऊण तास वाट बघत बसलो. घरात गॅस होता, पाणी होतं, दूध होतं, डब्यात चिकमगळूरच्या उत्तम बिया होत्या. फक्त कॉफी होत नव्हती! शेवटी वहिनींनी चहा टाकला.

हसू नका. मीही त्याच पंथातला होतो. माझ्याकडेही मशीन होती, बिया दळण्यापासून कप भरण्यापर्यंत सगळं स्वतःच करणारी. तिच्यावर माझी इतकी श्रद्धा, की २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुण्याहून दापोली तालुक्यातल्या आमच्या गावी जाताना मी कपड्यांची एक बॅग कमी केली, पण मशीन गाडीत घातली.

मग ३ जून आला. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आलं आणि दुपारच्या काही तासांत आमच्या भागातल्या नारळी-पोफळी आडव्या करून गेलं. विजेचे खांब तर काडेपेटीतल्या काड्यांसारखे पडले होते. आमच्या वाडीत वीज आली ती एकोणीस दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या मशीनसमोर उभा होतो. पोटात अर्धा किलो बिया, आणि ती ढिम्म. आईने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मशीनकडे, आणि फडताळाच्या वरच्या फळीवरून पितळी फिल्टर काढला. बाबा धारवाडला नोकरीला होते तेव्हाचा. आत सुतळीचे तुकडे आणि जुन्या किल्ल्या ठेवलेल्या. तो तिने चिंचेने घासला, खलबत्ता माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "कूट."

कुटलं. चाळणीने चाळलं, जाड राहिलं ते पुन्हा कुटलं. फिल्टरच्या वरच्या भांड्यात पूड, वर दट्ट्या, त्यावर उकळीचं पाणी, झाकण. वीस मिनिटांनी खालच्या भांड्यात काळाभोर अर्क जमला होता. शेजारच्या गोठ्यातलं दूध तापवलं, दोन्ही एकत्र केलं, प्यायलो.

ती कॉफी माझ्या मशीनपेक्षा चांगली होती.

आता इथे कुणीतरी म्हणणारच, की बाबा रे, वादळानंतर, दमलेल्या जिवाला, आईच्या हातची... कुठलीही कॉफी चांगलीच लागणार. मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून पुण्याला परत आल्यावर एक उद्योग केला. एक थर्मामीटर आणला आणि मशीनमधून पुडीवर पडणारं पाणी मोजलं. ८१ अंश! कॉफीतली चव नीट उतरायला पाणी साधारण ९० ते ९६ अंश लागतं. त्याहून थंड पाण्यात ती पचपचीत आणि आंबट उतरते. इतके पैसे मोजून मी तीन वर्षं कोमट पाण्याची कॉफी पीत होतो, आणि मशीनवर एक निळा दिवा लागतो म्हणून तिला चांगली म्हणत होतो. उलट चुलीवर उकळलेलं पाणी मला फुकटात मिळत होतं. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला उंचीमुळे ९५-९६ ला. म्हणजे महाबळेश्वरात तर बंब पेटवून उकळी आणलीत की तपमान आपोआप बरोबर. थर्मामीटरचीही गरज नाही!

तर माझं म्हणणं एवढंच आहे. चांगल्या कॉफीला चार गोष्टी लागतात. ताजी भाजलेली बी, आयत्या वेळचं एकसारखं दळण, पुरेसं गरम पाणी आणि बरोबर वेळ. ह्या चारांपैकी एकीलाही घरात वीज लागत नाही. चांगली कॉफी म्हणजे मशीन, हा समज दुकानदारांनी पसरवला आणि आपण तो आनंदाने पसरू दिला. कारण वस्तू विकत घेणं सोपं असतं, शिकणं कटकटीचं.

पुरावा हवा? कॉफीच्या व्यापारात बियांची प्रत ठरवणारे चवतज्ज्ञ काय करतात ते बघा. एका वाडग्यात सव्वाआठ ग्रॅम जाडसर पूड, तिच्यावर १५० मिलिलिटर गरम पाणी. चार मिनिटं थांबायचं. वर आलेली साय चमच्याने मोडायची, नाक जवळ नेऊन वास घ्यायचा, मग चमच्याने फुर्रकन ओढून चव बघायची. झालं! ज्या चवीवर लाखोंचे सौदे ठरतात, ती वाडगा आणि चमच्यात कळते. मग तुम्हा-आम्हाला सकाळच्या एका कपासाठी पंप, पडदा आणि सतरा बटणं कशाला लागतात?

जगातल्या कॉफीचा इतिहासही हेच सांगतो. १९०८ मध्ये ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंत्स ह्या गृहिणीने पितळी भांड्याला भोकं पाडली, मुलाच्या वहीतला टिपकागद त्यात घातला, आणि कागदी फिल्टर जन्माला आला. १९३३ मध्ये इटलीत बियालेत्तीची अष्टकोनी मोका किटली आली. ती आजही गॅसवर बसते. इतकंच काय, ज्या एस्प्रेसोच्या नावाने आपण मशीन घेतो, तिच्यावरचा तो सोनेरी फेस प्रथम आला तो १९४७ च्या सुमारास मिलानच्या गाज्जाच्या यंत्रात, आणि तो दाब हाताने दांडा ओढून द्यायचा होता. विजेचा पंप लोकप्रिय झाला १९६१ नंतर. आणि २००५ मध्ये फेकायच्या चकत्या बनवणाऱ्या अ‍ॅलन अ‍ॅडलरने आणलेला एअरोप्रेस? प्लॅस्टिकची पिचकारीच ती. हाताने दाबायची. जगभरातले कॉफीवेडे तिच्या स्पर्धा भरवतात.

आणि आपल्या दक्षिणेचा फिल्टर तर ह्या सगळ्यांत साधा. त्याला कागदही लागत नाही. पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण तेवढं चालू असलं की पुरे, आणि त्याचं बिल अजून कुणी पाठवत नाही.

आता थोडं आपल्या माणसांबद्दल. मशीनवाल्यांना बोललो म्हणून पारंपरिक मराठी कॉफीची आरती ओवाळणार आहे असं समजू नका. आपण काय करतो? दूध-पाणी-साखर एकत्र उकळतो, त्यात पूड टाकतो आणि चहासारखी खळखळ दहा मिनिटं शिजवतो. कडू झाली की साखर, साखर जास्त झाली की जायफळ. मग म्हणायचं, "आमच्याकडे कॉफी फक्त उपासाला आणि जागरणाला." अहो, अशी केल्यावर एरवी कोण पिणार? पूड शिजवायची नसते, भिजवायची असते. जायफळाशी माझं भांडण नाही, कडूपणा झाकायला त्याला राबवण्याशी आहे.

शिवाय पुडीचं पाकीट कधी वाचलंय? कॉफी-चिकोरी मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी घालायला कायद्याने परवानगी आहे. म्हणजे निम्म्या किमतीला आपण भाजलेलं मूळ पितो. चिकोरी आवडत असेल तर जरूर प्या, दक्षिणेत थोडी घालतातच, त्याने अर्क दाट होतो. पण माहीत असून प्या. आणि कॅप्सूलवाल्यांनी एक गणित करावं. एका कॅप्सुलात साधारण साडेपाच ग्रॅम कॉफी असते. कॅप्सुलाच्या किमतीला १८० ने गुणा. तो तुमच्या कॉफीचा किलोचा भाव. मग उत्तम प्लँटेशन ए किंवा पीबेरीचा भाव विचारून या, आणि बसा शांतपणे.

मला राग येतो तो इथे. बाबा बुदनांनी सतराव्या शतकात येमेनहून सात बिया लपवून आणल्या अशी कथा आहे. त्या डोंगरात, कोडगूत, वायनाडात आजही कॉफी पिकते, आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर. आणि आपण पैसे खर्च करतो यंत्रावर. यंत्राच्या किमतीतला एक पैसाही बागेपर्यंत पोचत नाही. तेच पैसे चांगल्या बियांना दिले तर त्यातले थोडे तरी पोचतात. वर कॉफीही सुधारते. मग मशीनचा हप्ता भरून झाल्यावर तिच्यात सहा महिन्यांपूर्वीची शिळी पूड घालणाऱ्याला काय म्हणावं?

बरं, फक्त तक्रार करून उपयोग नाही, म्हणून कृती सांगतो. भाजल्याची तारीख लिहिलेल्या बिया घ्या, महिन्याभरात संपतील एवढ्याच. हाताने फिरवायची चक्की घ्या. नसेल तर दुकानातून आठवड्यापुरती पूड दळून आणा आणि घट्ट डब्यात ठेवा. फिल्टरमध्ये २५ ग्रॅम पूड, हलकेच सपाट करा, ठासू नका. वर १५० मिलिलिटर उकळीचं पाणी. पूड ५०-एक मिलिलिटर पिऊन टाकते, खाली १०० उतरतं. दोन मोठे कप होतात. दूध वेगळं तापवा. अर्क मात्र पुन्हा उकळू नका. अर्क पाच मिनिटांत खाली आला तर पूड जाड आहे, दोन तास अडून बसला तर फार बारीक. उद्या बदला. फिल्टरही नाही? मग पातेल्यात १५ ग्रॅम जाडसर पूड, २५० मिलिलिटर पाणी, झाकण, चार मिनिटं, ढवळा, गाळ बसू द्या, फडक्यातून गाळा. इतकंच.

दुसरी बाजूही मान्य करतो. बिया भाजणाऱ्याकडे वीज लागते. रोज दोनशे कप करणाऱ्या हॉटेलला मशीन हवीच. बोटं दुखणाऱ्या माणसाला हाताची चक्की फिरवायला सांगणं हा दुष्टपणा आहे. त्याने खुशाल विजेवर दळावं. गॅसही आकाशातून पडत नाही. माझा विरोध विजेला नाही. वीज नसेल तर आपल्याला काहीच येत नाही, ह्या लाचारीला आहे.

कारण त्या एकोणीस दिवसांत मी तेच पाहिलं. आमच्या शेजारच्या अण्णांची अख्खी पोफळीची बाग गेली. लावल्यापासून फळ धरायला पाच-सात वर्षं लागणारी झाडं. पाचव्या दिवशी ते आमच्या पडवीत येऊन बसले, काही बोलले नाहीत. मी फिल्टर लावला. थेंब थेंब पडायला वेळ लागतो, तेवढा वेळ आम्ही दोघं नुसते बसून होतो. मशीन असती तर तीस सेकंदांत कप हातात देऊन मोकळा झालो असतो. कॉफी झाल्यावर अण्णांनी खिशातून एक जायफळ काढलं. "झाड तर पडलं. हे शेवटचं. घाल थोडं."

घातलं. त्या कॉफीत काही झाकायचं नव्हतं, त्यामुळे जायफळाचा वास स्वच्छ आला. अण्णा अर्धा कप झाल्यावर म्हणाले, "उद्यापासून लाकडं तोडायला घ्यायला हवीत."

वीज आली त्या दिवशी मशीनचा निळा दिवा लागला. आईने विचारलं, "आता ही लावणार का?" मी फिल्टर पुन्हा भरला होता.

मित्राला ह्यातलं काही बोललो नाही. पुढच्या वेळी जाताना त्याच्यासाठी स्टीलचा एक फिल्टर घेऊन जाणार आहे. लाईट गेली तर बरंच होईल.