९४ दिसला की ॲप बंद करा

‘आतल्या खोलीपर्यंत वायर टाकून घेतली, तरी नेट स्लोच आहे.’ घरगुती नेटवर्कची कामं करणाऱ्या आपल्या वाचकांना ही तक्रार नवी नाही. प्लॅन ३०० एमबीपीएसचा, ॲपमध्ये मेशचे सगळे नोड हिरवे, पोर्टवरची लाईट लागलेली. आणि स्पीड टेस्ट दर वेळी ९४च्या आसपास येऊन थांबते. मग नोड रीसेट होतो, फर्मवेअर अपडेट होतं, चॅनल बदलला जातो आणि शेवटी ‘मागूनच स्पीड येत नाही’ असं सांगून माणूस निघतो.

वायफायवरची स्पीड खालीवर होत राहते. दर वेळी ९४ आला, तर ती खूण तारेची. इथरनेटची पूर्ण फ्रेम, हेडर आणि दोन फ्रेममधली मोकळी जागा धरून, तारेवर १५३८ बाइट खाते. त्यात कामाचा डेटा जास्तीत जास्त १४६० बाइट. १०० एमबीपीएसच्या लिंकला हे गणित लावलं की ९४-९५ उरतात. म्हणजे वाटेत कुठेतरी गिगाबिटची लिंक १००वर उतरली आहे. हा आकडा दिसताच फोन खिशात ठेवावा आणि आय-ओ बॉक्सचे स्क्रू काढावेत.

लिंक उतरते ती का? १९९९ साली तांब्याच्या तारेवरच्या गिगाबिटचं मानक आलं, ते चारही जोड्या वापरतं. १००ची लिंक मात्र नारिंगी आणि हिरव्या जोडीवरच चालते. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी क्रिंपमध्ये बसली नसेल, तरी बरीच उपकरणं गिगाबिटचा नाद सोडून १००वर येतात. दिवा लागतो, नेट चालतं, ग्राहक सही करतो.

मेशमध्ये हा दोष जास्तच दडतो, आणि या महिन्यात लिहायला बसलो ते त्यासाठीच. साधा राउटर असता तर तार गेल्यावर खोलीतलं नेट बंद पडलं असतं आणि त्याच दिवशी फोन आला असता. मेशचा नोड तार गेली की गुपचूप वायफायने मुख्य नोडला जोडून घेतो. ॲपमध्ये तो हिरवाच राहतो. उलट, तार अर्धवट शाबूत असेल तर अनेक संच तिलाच धरून बसतात, मग वायफायने तिच्यापेक्षा जास्त स्पीड मिळत असली तरी. दोन्ही वेळा ग्राहकाला फक्त ‘स्लो’ एवढंच कळतं. तारेसाठी पैसे त्याने मोजलेले असतात आणि ती नीट चालते का, हे त्याला सांगणारं आपल्याशिवाय कोणी नसतं.

मुंबई, ठाणे, पुण्यातल्या नव्या मायवान पद्धतीच्या इमारतींत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. तिथे आतल्या भिंतीसुद्धा आरसीसीच्या. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल दोन भिंतींत गळून जातो, आणि भिंत फोडून नवा पाईप टाकायची सोय नसते. बिल्डरने ओढून दिलेली एकच तार हाताशी असते. ती बहुधा इलेक्ट्रिकच्या माणसाने ओढलेली, त्याच्या सवयीच्या जोराने. चार जोड्यांच्या तारेला साधारण ११ किलोपेक्षा जास्त ओढ देऊ नये, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. टीव्हीमागचा जॅक उघडून पाहा: जोड्यांचा पीळ दोन-दोन इंच सोडलेला, तपकिरी तार बॉक्सच्या कडेला दाबून मोडलेली. पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त सुटू नये, म्हणजे जेमतेम अर्धा इंच.

आठ दिव्यांच्या स्वस्त टेस्टरवर आपला फार भरवसा आहे. तो फक्त सलगपणा दाखवतो. दोन्ही टोकांना रंग ‘एकसारखे’ लावले पण ३ आणि ६ नंबरवर एकाच जोडीच्या तारा आल्या नाहीत, तर टेस्टरचे दिवे ओळीने लागतात आणि लाईन मात्र एरर देत राहते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही या टेस्टरवर झोकात पास होते. ब्लेडने खरवडा, आत चंदेरी दिसली तर तो बॉक्स दुकानात परत द्या. जागेवर एकदा बसवलेली असेल तर ग्राहकाला तसं स्पष्ट सांगा.

खरी चाचणी लॅपटॉपनेच होते. स्वतःची खात्रीची पॅच कॉर्ड घ्या, आधी ओएनटीवर, मग मुख्य नोडवर, मग खोलीतल्या जॅकवर लावा आणि प्रत्येक ठिकाणी लिंक स्पीड वाचा. १००० आहे की १००, एवढंच पाहायचं. दोन लॅपटॉप असतील तर आयपर्फ चालवा, म्हणजे बाहेरच्या लाईनचा प्रश्नच उरत नाही. तारेवर ठपका ठेवण्याआधी पोर्ट तपासा; जुने स्विच आणि अनेक स्मार्ट टीव्हींचे लॅन पोर्ट मुळातच १००चे असतात.

तार धड निघाली तर जोडणी पाहा. सर्वांत जास्त आढळणारी चूक अशी: खोलीची तार डीबीपाशी येते, ओएनटीही तिथेच असतो, म्हणून ती थेट ओएनटीच्या मोकळ्या पोर्टमध्ये खोचली जाते. मुख्य नोड राउटर मोडवर असेल तर खोलीतला नोड त्याच्या नेटवर्कबाहेर पडतो. त्याला ओएनटीकडून, उदाहरणार्थ १९२.१६८.१ने सुरू होणारा, पत्ता मिळतो, बाकीच्यांचा वेगळाच. त्यातून तो वायफायनेही मुख्य नोडला जोडलेला राहिला, तर दोन डीएचसीपी एकाच घरात पत्ते वाटू लागतात. ओएनटी, त्यानंतर मुख्य नोड, त्यानंतर स्विच आणि मग खोल्या, हाच क्रम ठेवा.

स्विचवरचे सगळे दिवे एकदम झपाझप लुकलुकत असतील तर लूप शोधा. रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली लूप तोडणारा स्पॅनिंग ट्री तयार केला. स्वस्त अनमॅनेज्ड स्विचमध्ये मात्र तो बहुधा नसतो.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक कामाअंती जॅकचं ठिकाण, लिंक स्पीड, ती तार कुठल्या पोर्टला गेली आहे आणि तारीख, इतकं एका कागदावर लिहून डीबीच्या दाराला आतून चिकटवा. एका जॅकला फार तर पाच मिनिटं लागतात. त्याचे पैसे बिलात ‘टेस्टिंग’ म्हणून वेगळे लावा. ग्राहकाने हरकत घेतली तर त्याच्यासमोर लॅपटॉपवर ते १००० दाखवा. पुढच्या अंकात असा कोरा तक्ता छापत आहोत. त्यात काय सुधारायला हवं ते या महिनाअखेरपर्यंत कळवा.