तिकिटे आमच्याकडे, पाकिटे शेजारी

बेळगावच्या तिकीट संग्राहकांचा आमच्या मंडळाला निरोप आला : तुमचे संग्रह घेऊन या, आमचेही पाहा. त्यावर आमच्यात जी चर्चा झाली ती ऐकून हसावे की रडावे कळेना. एकाला घाटातल्या दमट हवेत अल्बम खराब होण्याची भीती (आणि हे गृहस्थ गोव्याच्या पावसाळ्यात उभा जन्म काढलेले!), दुसऱ्याला अदलाबदलीत फसण्याची. तिसऱ्याने सरळच विचारले, "पोर्तुगीज इंडियाची तिकिटे आपल्यापाशी आहेत. त्यांच्याकडून आपल्याला मिळणार काय?"

पुष्कळ मिळणार, असे माझे मत आहे.

साधी गोष्ट पाहा. पत्र लिहिणाऱ्याच्या घरी राहत नाही, ज्याला पोचते त्याच्या घरी राहते. फोंड्याहून बेळगावच्या मामांना गेलेले पत्र बेळगावच्या माळ्यावरच्या ट्रंकेतच सापडायचे. आपल्या घरांतून निघतात ती बाहेरून आलेली पाकिटे. आपण अल्बमात मिरवतो त्यांतली कितीतरी तिकिटे टपालात कधी गेलेलीच नाहीत, कोरी विकत घेतलेली. गोव्याच्या टपालाचा खरा इतिहास असा शेजाऱ्यांच्या माळ्यावर पडून आहे.

पोर्तुगीज इंडियाची पहिली तिकिटे १ ऑक्टोबर १८७१ रोजी निघाली. दिसायला अगदी ओबडधोबड : मधोमध किंमतीचा आकडा, भोवती लंबवर्तुळाकार पट्टीत अक्षरे. पण सुरुवातीला ती गोव्याच्या हद्दीपुरतीच चालत. पत्र ब्रिटिश हिंदुस्थानात जायचे तर त्यांचेही तिकीट लावावे लागे. एकाच पाकिटावर दोन सत्तांची तिकिटे! अशा पाकिटातले पोर्तुगीज तिकीट तेवढे कापून पाण्यात भिजवून काढले, की हाती एक तिकीट उरते आणि सगळी हकीकत बादलीत जाते. आपल्या पिढीने लहानपणी हेच केले. तिकीट सुटे करणे म्हणजेच छंद, असे आपल्याला शिकवले गेले होते.

आपण नेण्यासारखेही आहेच. शिक्क्यावरचे 'नोव्हा गोवा' म्हणजे आपली पणजी, हे बाहेरच्या संग्राहकाला दर वेळी ठाऊक असते असे नाही. बारा रेइशांचा एक तांगा, सोळा तांग्यांचा एक रुपया हा हिशेब, आणि १९५९ साली तो जाऊन एस्कुद-सेंताव्ह आले तेव्हा जुन्याच तिकिटांवर नवी किंमत कशी छापली, हे समजावून सांगणारी माणसे अजून आपल्यात आहेत. १९६१ पूर्वी ती तिकिटे स्वतःच्या हाताने जिभेवर ओली करून चिकटवलेली माणसे आता ऐंशीच्या पुढची. त्यांना बेळगावला न्या, अल्बम मागाहून नेला तरी चालेल.

किमतीच्या यादीतला आकडा पाहून संग्रहाची थोरवी ठरवणाऱ्यांशी माझे फारसे जमत नाही, हे आमच्या मंडळात सर्वांना ठाऊक आहे. महागडे तिकीट चिमटीत धरून भिंगाखाली दाखवायचे, लगेच बंद करायचे, याला मी संग्रह दाखवणे म्हणत नाही. ते दागिने दाखवणे झाले. मला पाहायचे आहे ते मळके, दुमडलेले पाकीट, ज्यावर म्हापशाचा शिक्का आहे आणि खाली मोडीत कुणाचा तरी पत्ता. असली पाकिटे घर पाडताना किंवा वाटण्या होताना किलोवर रद्दीत जातात. ती बोहारणीच्या नाही तर रद्दीवाल्याच्या हाती पडण्याआधी पाहायला हवीत.

म्हणून मंडळात मी दोनच गोष्टी मागितल्या आहेत. बेळगावला जाताना प्रत्येकाने एक तरी वापरलेले पाकीट, तिकीट न कापता, बरोबर घ्यावे. आणि तिथल्या लोकांना अल्बमाबरोबर घरातल्या जुन्या पत्रांची पेटीही आणायला सांगावे. अल्बम दमट होईल म्हणणारे गृहस्थ तयार झाले आहेत. फसण्याची भीती असलेले अजून विचार करताहेत.