मखर अजून उतरलेले नाही

गणपतीचे विसर्जन होऊन दोन आठवडे झाले, पण व्हॉट्सॲपच्या गटावरून मखर काही उतरायला तयार नाही. जूनच्या सभेत काय ठरले ते आधी नोंदवतो, कारण ‘आम्हाला कोणी विचारलेच नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण त्या सभेला नव्हते. यंदा थर्माकोल नाही, प्लास्टिकच्या झेंडूच्या माळा नाहीत, सभासदांच्या अंगणात जे फुलेल त्यातून सजावट करायची, असा ठराव एकमताने झाला. एकमत म्हणजे हजर असलेल्या अकरा जणांचे.

त्याप्रमाणे वॉटलच्या फांद्या आणि निलगिरीची पाने यांचे मखर उभे राहिले. कित्येकांना ते मनापासून आवडले. काहींना बाप्पा रानात नेऊन बसवल्यासारखे वाटले. एका ज्येष्ठ सभासदांनी, स्थापनेपासून जपलेली परंपरा या कार्यकारिणीने मोडली, असे लिहिले. त्यांच्याविषयी आम्हाला आदर आहे आणि राहील. मंडळाची पहिली समई त्यांनीच दिलेली आहे. पण परंपरेचा विषय निघालाच आहे, तर थोडे बोलू या.

आपल्याकडची निम्मी कुटुंबे नगर जिल्ह्यातली. (२०२४ पासून अहिल्यानगर. त्या नावावरच्या चर्चेला या अंकात जागा नाही, दोन्ही बाजूंनी क्षमा करावी.) त्यांनी घरचा घट आठवून पाहावा. घटावर रोज एक माळ चढते, ती कशाची? पाथर्डी-जामखेडकडच्या माळरानावर त्या दिवसांत तरवड पिवळाधमक फुललेला असतो. त्याला कोणी पाणी घालत नाही, गुरे तोंड लावत नाहीत. त्याची माळ, नाहीतर कारळ्याच्या फुलांची. जे बांधावर फुलले, ते देवीला. तुळशीच्या लग्नाला उसाचा मांडव, कारण कोपरगाव-राहात्याकडे ऊस शेतात उभाच असतो. पोळ्याला मातीचे बैल, दिवाळीत अंगणात शेणाचे पांडव, दारावर आंब्याचा डहाळा. यातले काहीही सजावटीच्या दुकानातून येत नव्हते. पोरे ज्वारीच्या ताटांची साल आणि भेंड काढून बैलगाड्या करायची, त्याही आरतीच्या चौरंगाशेजारी मांडल्या जायच्या आणि त्यावर कोणाचीही हरकत नसायची.

मग मेलबर्नमध्ये काय फुलते? इथे गणपती येतात तेव्हा थंडी सरत असते आणि गल्लोगल्ली वॉटल फुललेली असते, रंगाने थेट तरवडाची बहीण. १९८८ साली ऑस्ट्रेलियाने गोल्डन वॉटलला राष्ट्रीय फूल केले. १ सप्टेंबरला इथे वॉटल दिवस पाळतात, तो यंदा ऐन गणपतीत आला होता. झेंडूला त्या सुमारास इथली थंडी मानवत नाही, म्हणून तर प्लास्टिकचा झेंडू शिरला. आणि झेंडू तरी कुठला? मूळचा मेक्सिकोकडचा. तो आपल्या दसऱ्याला चालतो, तर शेजारच्या कुंपणावरची वॉटल बाप्पाला का चालू नये, हे आम्हाला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही.

प्लास्टिकच्या माळेचा हिशेब सोपा आहे: एकदा घ्या, पाच वर्षे लावा. खजिनदारांनाही तो पटतो. पण त्याची दुसरी बाजू नगर तालुक्यातल्या अकोळनेरला जाऊन पाहावी. शेवंती-झेंडूसाठी ओळखले जाणारे ते गाव. दसरा-दिवाळीला भाव कोसळला की मार्केट यार्डाबाहेर फुलांचे ढीग टाकून शेतकरी रिकाम्या हाताने परततात. शिर्डीचे प्रकरण तर सर्वांना ठाऊक आहे. करोनानंतर मंदिर उघडले, तरी हार-फुले आत नेण्यावरची बंदी उठली नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये विक्रेते आणि शेतकरी हार घेऊन निघाले तेव्हा झटापट झाली, आणि फुले पुन्हा आत जायला डिसेंबर २०२४ उजाडले, तेही उच्च न्यायालयाच्या परवानगीनंतर, कर्मचाऱ्यांच्या सोसायटीमार्फत. त्या वादात कोणाचे चुकले यात मंडळ पडत नाही. आपण इथे प्लास्टिक लावले नाही म्हणून अकोळनेरच्या शेवंतीला भाव येणार नाही, हेही मान्य. पण महाराष्ट्राने २०१८ साली थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातली आणि आपण मात्र दर डिसेंबरच्या फेरीत तिकडून प्लास्टिकच्या माळांची पिशवी भरून आणतो, हे जरा विचित्र नाही का?

काही तक्रारी रास्त आहेत. वॉटलच्या परागांनी दोघा-तिघांना शिंका आल्या, म्हणून पुढच्या वर्षी फांद्या सभागृहाच्या दाराशी लावू, गाभाऱ्याजवळ नाही. पूजेच्या दूर्वा, जास्वंद आणि पत्री यांत काहीही बदल नाही, तो गुरुजींचा अधिकार आहे. कोणाला घरी प्लास्टिकचे तोरण लावायचे असेल तर कार्यकारिणी दार ठोठावायला येणार नाही.

मात्र एक सांगितलेच पाहिजे. ऑगस्टमधल्या सजावट कार्यशाळेला नऊ जण आले, त्यांतली पाच मुले. मखरावर टीका करणारे संदेश ऐंशीच्या वर गेले. त्यातल्या निम्म्यांनी एक संध्याकाळ कात्री हातात धरली असती, तर मखर आणखी देखणे झाले असते.

दिवाळीची कार्यशाळा रविवारी, १२ ऑक्टोबरला दुपारी २ वाजता नेहमीच्या सभागृहात आहे. कागदी आकाशकंदील, पणत्या रंगवणे. बांबूच्या काड्या मंडळ देईल. कात्री, जुनी वर्तमानपत्रे आणि खळ घरून आणावी. ज्यांच्या अंगणात आंबा किंवा लिंबोणी आहे त्यांनी पानांसाठी नाव नोंदवावे. सरकारी बागेतून किंवा रस्त्याकडेची एकही फांदी तोडू नये. तिकडून येणाऱ्या आईवडिलांना आंब्याची पाने, बेल, ताजी फुले आणायला सांगू नका; विमानतळावर जप्त होतील, आणि अर्जावर लिहिले नसेल तर वर दंड. तुळशीच्या लग्नासाठी क्वीन्सलंडचा ऊस भारतीय किराणा दुकानातून मागवतो आहोत, पाच कांड्यांची जुडी. किती जुड्या हव्यात ते ५ ऑक्टोबरपर्यंत चिटणीसांना कळवावे. गटावर नको, तिथे मखर आहे.