शून्याचा हिशेब

सेलू, जिंतूर व मंठा यांच्या वाटा जेथे मिळतात त्या देवगाव फाट्यावर गाडीची वाट पाहत असता, झेरॉक्सच्या दुकानात एक वही आमच्या हाती आली. महाविद्यालयाच्या प्रथम वर्षाचा पर्यावरण प्रकल्प तो, विषय ऊर्जाबचत. त्यात जगातील तेलसाठ्यांची चर्चा होती, लिहिणाराच्या घरचा मात्र एक दिवाही नव्हता. तीच पाने आणखी तिघांसाठी निघत होती!

सर्वोच्च न्यायालयाच्या 1991 व 2003 सालच्या आदेशांमुळे पदवीच्या विद्यार्थ्यांस हा अभ्यास अनिवार्य झाला, हे इष्टच. पण त्याचे असे व्हावे ना?

आम्ही ज्या घरी मुक्कामास गेलो तेथील नातही प्रथम वर्षातच. तिच्या प्राध्यापिकाबाईंची आज्ञा निराळी होती: घरातील एकच दिवा निवडा, मोजा आणि दिसेल ते लिहा. तिने देवघरातील अहोरात्र जळणारा जुना 'झिरो'चा दिवा निवडला. आजोबांच्या मते तो काहीच वीज खात नाही, नावच शून्य! मुलीने एके दुपारी फ्रिजसकट बाकी सारे बंद केले आणि तासभर मीटरवरचा लाल ठिपका मोजीत बसली. तो 3200 वेळा लुकलुकला म्हणजे एक युनिट, असे त्या मीटरवरच छापलेले होते. तासात 48 भरले. म्हणजे 15 वॅट, महिन्याकाठी जवळजवळ 11 युनिटे. औष्णिक केंद्रात युनिटामागे अदमासे पाऊण किलो कोळसा जळतो आणि पाणी लागते ते वेगळेच. पाण्यावाचून परळीचे केंद्र 2015 साली बंद ठेवावे लागले होते, याची आठवण आजोबांनीच काढली. जवळच्या येलदरीचे 22.5 मेगावॅटांचे जलविद्युत केंद्र तर सर्वस्वी पूर्णेच्या पाण्यावर अवलंबून.

आमच्या मते निबंधाचा खरा भाग यापुढे आहे. मुलगी दिवा बदलू गेली तेव्हा आजी म्हणाल्या, "देवापुढल्या दिव्याचा कधी हिशेब मांडतात का ग?" तिने हे वाक्य वगळले नाही, आपणांस उत्तर सुचले नाही, हेही प्रांजळपणे लिहिले. चार दिवसांनी आजींनी आपण होऊन अर्ध्या वॅटाचा नवा दिवा मागविला. अट एकच: बदलताना क्षणभरही अंधार होता कामा नये. म्हणून आधी समई लावली गेली. वहीचे शेवटचे पान त्या समईविषयी आहे, आणि त्यावर बाईंनी शुद्धलेखनाच्या तीन चुका तेवढ्या दाखविल्या आहेत.