महाग वाद्य घ्यावे काय?

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आपल्याकडे इतकी रूढ झाली आहे की, कोणी आपल्या साधनाला दोष देऊ लागला म्हणजे ऐकणाऱ्याच्या ओठांवर हसू उमटते. साधनाची तक्रार म्हणजे आळसाची सबब, असे आपण धरूनच चालतो. परंतु अंगण खरोखरच कधी वाकडे नसते काय? आणि असलेच, तर ते सरळ करून घेण्यासाठी किती पैसा वेचावा? माउथ ऑर्गन या लहानशा वाद्याच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करता येईल. हे वाद्य जत्रेत खेळण्यांच्या दुकानातही मिळते आणि वाद्यांच्या दुकानात तेवढ्याच आकाराचे वाद्य कित्येक पट किमतीलाही विकले जाते. दिसायला दोन्ही सारखीच. मग ही जादा किंमत कशाची?

हे कळण्यासाठी वाद्याचे अंतरंग पाहिले पाहिजे. साध्या माउथ ऑर्गनला दहा छिद्रे असतात. प्रत्येक छिद्रामागे दोन, अशी एकूण वीस धातूची पातळ पाती त्यात बसवलेली असतात. पेटीवाले ज्यांना ‘रीड’ म्हणतात, तीच ही. पात्याचे एक टोक पत्र्यावर पक्के जडवलेले असते व दुसरे टोक पत्र्यातील अरुंद खाचेतून वरखाली हलते. फुंकर घातली की वरच्या पत्र्यातील पाती वाजतात. श्वास आत ओढला की खालच्या पत्र्यातील वाजतात. भजनातील पेटी आणि हे वाद्य एकाच कुळातील होत. पेटीला वारा पुरवतो भाता, आणि या वाद्याला आपली छाती.

वाद्याचा बराचसा गुण त्या खाचेत साठवलेला आहे. पाते आणि खाच यांच्यामधील फट जितकी बारीक, तितका वारा कमी वाया जातो आणि हलक्या श्वासावरही स्वर उमटतो. ओबडधोबड बनवलेल्या वाद्यात ही फट मोठी राहते. मग वारा निसटून जातो, दम लागतो, एखादे पाते मुळीच बोलत नाही, तर एखादे बेसूर बोलते. म्हणून सर्वांत स्वस्त वाद्य हे वस्तुतः सर्वांत महाग पडते, असे माझे मत आहे. त्यात पैसे थोडे जातात हे खरे. परंतु एखादा मुलगा आठ दिवस जिवाच्या आकांताने फुंकतो, सूर लागत नाही, आणि शेवटी ‘संगीत हे आपले काम नव्हे’ असा निकाल स्वतःवर देऊन मोकळा होतो. दोष अंगणाचा असतो, पण शिक्षा पावलांना होते. ही हानी पैशांत मोजता येत नाही.

याचा अर्थ वडिलांकडे सर्वांत महाग वाद्याचा हट्ट धरावा असा मात्र नाही. दहा छिद्रांच्या या वाद्याविषयी नवशिक्यांची एक तक्रार जगभर ऐकू येते. दुसऱ्या छिद्रातून श्वास ओढला असता स्वर नीट निघत नाही, तेव्हा वाद्यच बिघडलेले आहे, असे ते म्हणतात. पुष्कळदा वाद्य निर्दोष असते. शिकणारा श्वास जोराने ओढतो आणि तोंडाची पोकळी आवळून धरतो. त्यामुळे स्वर खाली उतरतो किंवा घुसमटतो. तेच वाद्य जाणकाराच्या ओठांना लागले की तोच स्वर मोकळा उमटतो. येथे कितीही किंमत मोजली तरी उपयोग नाही. येथे सरावच हवा.

इतिहासही हेच सांगतो. जर्मनीतील ट्रॉसिंगेन या गावी मथियास होनर नावाच्या घड्याळजीने 1857 साली ही वाद्ये बनवण्याचा उद्योग सुरू केला. त्याच्या कारखान्यातून 1896 साली ‘मरीन बँड’ नावाचा माउथ ऑर्गन बाहेर पडला. मधला सांगाडा लाकडाचा, पत्रे खिळ्यांनी ठोकलेले; असे हे साधे वाद्य सामान्य माणसालाही परवडे. अमेरिकेतील गरीब वादकांनी त्यावर असे संगीत निर्माण केले की जग थक्क झाले. प्रसिद्ध अंध वादक सनी टेरी 1938 साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवण्यास गेले, ते हे लहानसे वाद्य घेऊनच. आपल्याकडे 1958 सालच्या ‘सोलवाँ साल’ या हिंदी चित्रपटातील एका गाण्यात राहुल देव बर्मन यांनी वाजवलेला माउथ ऑर्गन आजही लोकांच्या कानांत आहे. ऐकणाऱ्याला आठवतो तो सूर; वाद्याची किंमत कोणी विचारीत नाही.

मग महाग वाद्य व्यर्थच म्हणावे काय? तेही नाही. उंची वाद्यात पाती अधिक काळजीने जुळवलेली असतात. पत्रे खिळ्यांऐवजी स्क्रूने बसवलेले असल्यामुळे वाद्य उघडून स्वच्छ करता येते व झिजलेल्या पात्यांचा पत्रा बदलता येतो. पाती वाजवून वाजवून थकतात, उतरतात, कधी मोडतात. रोज तासन्‌तास वाजवणाऱ्याला अशी सोय जादा किंमत परत मिळवून देते. परंतु नवशिका जोराने फुंकून पाती लवकर खराब करतो; त्याच्या हाती उंची वाद्य देणे म्हणजे बाराखडी गिरवणाऱ्याला सोन्याचे टाक देणे होय. शिवाय असे एक वाद्य एकाच पट्टीचे असते. एका उंची वाद्याच्या किमतीत निरनिराळ्या पट्ट्यांची दोन-तीन मध्यम वाद्ये येऊ शकतात, हेही ध्यानी घ्यावे.

म्हणून माझे मत असे : खेळण्यातले वाद्य घेऊ नये, उंची वाद्याने आरंभ करू नये, मध्यम किमतीचे, पण निर्दोष वाद्य घ्यावे. ते निर्दोष आहे की नाही, हे किमतीच्या चिठ्ठीवरून ठरवू नये, कानांनी ठरवावे. प्रत्येक छिद्र हलक्या श्वासाने बोलते का, हे जाणकाराकडून वाजवून पाहावे. तिसऱ्या छिद्रात फुंकल्यास आणि दुसऱ्यातून ओढल्यास एकच स्वर निघावयास हवा. तो तसा निघतो का, हे ऐकावे. वर्षभराच्या सरावानंतर आपला श्वास जे मागतो ते वाद्य देऊ शकत नाही, असे दिसून आले, तर खुशाल पैसे साठवावे आणि उत्तम वाद्य घ्यावे. त्या वेळी ती चैन ठरणार नाही.

अंगण वाकडे आहे का, हे पाहण्यात लाज नाही. मात्र ते एकदा नीट पाहावे, आणि सरळ आढळले तर पुन्हा त्याचे नाव न काढता पावले टाकू लागावे.