विश्लेषण : उड्डाण वेळेवर, पण बोल्ट चुकीचे! विमानाच्या देखभालीत घाई नेमकी कुठे नडते?

१० जून १९९०. ब्रिटिश एअरवेजचं एक विमान सकाळी बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालं. विमानात ८१ प्रवासी आणि ६ कर्मचारी होते. उड्डाणाला पाव तासही झाला नव्हता. विमान सुमारे १७ हजार फुटांवर असताना कॉकपिटची डावीकडची काच निखळून उडाली आणि आतल्या हवेच्या दाबाने कॅप्टन टिम लँकेस्टर कंबरेपर्यंत विमानाबाहेर फेकले गेले. केबिनमधल्या कर्मचाऱ्यांनी त्यांचे पाय घट्ट धरून ठेवले. सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं. कॅप्टन जखमी झाले, पण सगळे वाचले.

ती काच आदल्याच दिवशी पहाटे बदलली होती. काच बसवणारा माणूस नवखा नव्हता, तो त्या शिफ्टचा प्रमुख होता. मग चूक झाली कशी?

त्या रात्री काय घडलं?

विमानं दिवसभर उडतात, त्यामुळे देखभालीचं बरंचसं काम रात्री होतं. त्या रात्री माणसं कमी होती आणि सकाळी विमान धुण्यासाठी तयार ठेवायचं होतं. शिफ्टप्रमुखाने काच बदलायचं काम स्वतःकडे घेतलं. वेळ होती पहाटे तीन ते पाचची. शरीर झोप मागतं तीच ही वेळ.

काचेला ९० बोल्ट होते. काढलेले बोल्ट झिजलेले दिसले, म्हणून नवे लावायचं ठरलं. स्टोअरमधल्या माणसाने योग्य बोल्टचा नंबर सांगितला होता. पण शिफ्टप्रमुखाला काढलेल्या बोल्टसारखेच हवे होते आणि तसे मोजकेच शिल्लक होते. मग त्याने दुसऱ्या ठिकाणच्या साठ्यातून, अंधुक प्रकाशात, जुना बोल्ट शेजारी धरून नुसत्या नजरेने नवे निवडले. तपासात कळलं की ९० पैकी ८४ बोल्ट जाडीला बारीक होते. फरक एका मिलिमीटरपेक्षाही कमी. उरलेले सहा लांबीला कमी पडत होते.

या कामाची दुसऱ्या कोणी तपासणी करणं तेव्हा नियमाने बंधनकारक नव्हतं. काच बसवल्यावर विमानात हवेचा दाब देऊन पाहायचीही सक्ती नव्हती. सही झाली आणि विमान उडालं.

इथे ‘घाई कर’ असं कोणीही म्हटलं नव्हतं. वेळेचा दबाव बहुतेकदा असाच असतो. तो हुकूम म्हणून येत नाही, ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणून येतो.

एकच चूक, तिन्ही इंजिनांत

मे १९८३ मधली मायामीची घटना याहून बोलकी आहे. ईस्टर्न एअर लाइन्सचं तीन इंजिनांचं विमान १७२ जणांना घेऊन बहामाजमधल्या नासाऊला निघालं होतं. वाटेत एका इंजिनातलं तेल कमी झाल्याचं दिसलं, म्हणून ते बंद करून विमान परत फिरवलं. मग उरलेली दोन्ही इंजिनंही बंद पडली. आधी बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरू झालं, म्हणून विमान कसंबसं मायामीला पोहोचलं.

कारण होतं रबरी रिंगा. तिन्ही इंजिनांत एक भाग बदलताना तेल अडवणाऱ्या रिंगा बसवल्याच नव्हत्या. एरवी हा भाग रिंग लावूनच हाती यायचा, त्या रात्री तो स्टोअरमधून रिंगेविना आला. पण कार्डवर रिंग बसवल्याची सही होती. म्हणजे सही कामावर नाही, सवयीवर झाली होती.

लंडनच्या हीथ्रो विमानतळावर २०१३ मध्ये असंच झालं. रात्री तंत्रज्ञांनी एका विमानाच्या दोन्ही इंजिनांची झाकणं उघडली आणि काम अर्धवट ठेवून ते निघाले. परतले ते चुकून शेजारच्या दुसऱ्याच विमानापाशी. तिथली झाकणं बंद दिसल्यावर कोणीतरी लावली असतील, असा त्यांचा समज झाला. सकाळी मूळ विमान कड्या न लावता उडालं, उड्डाण करतानाच झाकणं तुटली आणि परत येताना एका इंजिनाला आग लागली. कोणी दगावलं नाही. तपास अहवालात तंत्रज्ञांच्या थकव्याचा आणि ओव्हरटाइमचा उल्लेख आहे.

मग उपाय काय?

‘नीट लक्ष द्या’ हा उपाय नाही, कारण या तिन्ही घटनांतली माणसं अनुभवी होती. १९९० च्या दशकात कॅनडात अशा चुकांमागची बारा कारणं मांडली गेली, ती ‘डर्टी डझन’ नावाने ओळखली जातात. त्यात दबाव आणि थकवा आहेच. पण ‘नाही’ म्हणण्याचं धाडस नसणं आणि ‘इथे असंच चालतं’ ही सवयसुद्धा आहे.

म्हणून भर दिला जातो तो व्यवस्थेवर. महत्त्वाच्या कामाची दुसऱ्या माणसाने स्वतंत्र तपासणी करायची. दोन्ही इंजिनांवर तेच काम एकाच माणसाने एकाच वेळी शक्यतो करायचं नाही. अर्धवट काम लिहूनच पुढच्या शिफ्टला द्यायचं. आणि स्वतःची चूक सांगणाऱ्याला लगेच शिक्षा करायची नाही, नाहीतर पुढची चूक कोणी सांगणारच नाही.

भारतात काय स्थिती आहे?

जून २०२५ मधल्या अहमदाबादच्या विमान दुर्घटनेनंतर डीजीसीएने दिल्ली, मुंबईसारख्या मोठ्या विमानतळांवर पाहणी केली. त्यात तेच बिघाड पुन्हा पुन्हा उद्भवल्याची प्रकरणं सापडली. देखभालीच्या वेळी लेखी सूचनांप्रमाणे खबरदारी घेतली नसल्याचं आणि काही बिघाडांची लॉगबुकात नोंदच नसल्याचंही आढळलं. टायर झिजल्याने एक देशांतर्गत विमान रोखावं लागलं. कंपन्यांची नावं जाहीर झाली नाहीत. या त्रुटींचा अहमदाबादच्या दुर्घटनेशी संबंध जोडता येत नाही आणि त्या घाईमुळेच झाल्या असंही डीजीसीएने म्हटलेलं नाही. पण दुरुस्ती मुळापासून न होता विमान पुन्हा सेवेत जातं, तेव्हा वेळापत्रकाचा प्रश्न विचारावाच लागतो.

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांनुसार कंपनीचं नियोजन कोलमडलं होतं. तेव्हा नियमांतच तात्पुरती सूट द्यावी लागली. वैमानिकांच्या झोपेवर निदान चर्चा तरी झाली. पहाटे तीनला विमानाखाली टॉर्च घेऊन उभ्या असलेल्या इंजिनिअरच्या झोपेवर तेवढीही होत नाही.

प्रवाशांचा याच्याशी काय संबंध?

विमान उडण्यायोग्य आहे, अशी सही हा इंजिनिअर करतो. पुढे काही झालं तर जाब त्यालाच विचारला जातो. मात्र उड्डाण लांबलं की फोन सुरू होतात, काउंटरवर आवाज चढतात, मोबाइलवर व्हिडिओ निघतात. हा सगळा दबाव शेवटी त्याच सहीपर्यंत पोहोचतो.

प्रत्येक विलंब सुरक्षेसाठीच असतो असं नाही. ढिसाळ कारभाराचा जाब विचारलाच पाहिजे आणि कंपन्यांनीही कारण खरं सांगायला हवं. पण ‘तांत्रिक तपासणीमुळे उशीर’ अशी घोषणा होते, तेव्हा बहुधा कोणीतरी शंका आल्यावर सही करायचं थांबलेलं असतं. बर्मिंगहॅममध्ये त्या पहाटे एवढंच घडलं असतं, तर विमान उशिरा निघालं असतं आणि ही बातमी झालीच नसती.