आरशाखालची पट्टी

माझा भाचा पुण्यात नोकरीला आहे. शनिवारी रात्री गाडीने कोल्हापूरला येतो, सोमवारी पहाटे परत. मागच्या महिन्यात अमेरिकेहून आलेल्या मित्राकडून त्याने रडार डिटेक्टर घेतला. काडेपेटीचे दोन बॉक्स शेजारी ठेवावेत एवढी डबी. पुढे पोलिसांचे रडार असेल तर टूं टूं करते. सोबत आलेला रबरी चोषक काचेवर टिकेना. सातारा ते कागल सहापदरीकरणाच्या कामात जागोजाग वळणे, खड्डे. दोन दणक्यांत डबी मांडीवर. म्हणाला, "मामू, तुमच्या उद्यमनगरातून काहीतरी करून द्या की."

मला हातानं काही करायचं म्हटलं की अक्कल बाजूला राहते. आधी डॅशबोर्डवर लोखंडी पट्टी स्क्रूने बसवायचा बेत होता. ओळखीच्या मेस्त्रींनी तो एका वाक्यात मोडला. "तिथं खाली एअरबॅग हाय, उघडली तर पट्टी शेजारी बसणाऱ्याच्या तोंडात." मग आरशाच्या दांड्याला धरणारी क्लिप ठरली. वीस मिलीमीटर रुंद, दोन मिली जाड ॲल्युमिनियमची पट्टी, व्हाइसमध्ये धरून वाकवलेली. आतून सायकलच्या ट्यूबचा तुकडा, म्हणजे घसरत नाही आणि खडखडही नाही. सहा मिलीचे दोन नटबोल्ट. कडा कानशीने मारल्या. तासाभराचं काम, मेस्त्रींनी चहाचेच पैसे घेतले. खरं सांगतो, वस्तू देखणी झाली होती.

त्याच रविवारी संध्याकाळी तावडे हॉटेलपासून किणी टोलनाक्याच्या दिशेने चाचणीला निघालो. डबी सारखी बोलत होती. शोरूमच्या आपोआप उघडणाऱ्या दारालाही ती ओरडते, कारण त्या दारातही रडारच असतो. नव्या गाड्यांच्या बाजूच्या सेन्सरलाही ओरडते. पुढे एका पुलाखाली पोलिसांची गाडी उभी होती, तेव्हा मात्र गप्प. आपल्याकडे महामार्ग पोलिसांच्या गाड्यांत बऱ्याच ठिकाणी लेसरची गन असते. लेसरचा झोत बारीक. तो तुमच्यावर पडून डबी वाजेपर्यंत वेग मोजून झालेला असतो. भाच्याला पोलीस दिसले ते डोळ्यांनी, आणि त्यानं कचकन ब्रेक मारला. मागच्या दुधाच्या टेम्पोनं हॉर्न दिला तो अजून कानात आहे.

पुढे दोन-तीन किलोमीटरवर ती भेटली. कोल्हापूरकरांना ओळख सांगायला नको. उसाची जोड ट्रॉली. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, उसाचे शेंडे बाहेर लोंबलेले. अंधारात अंधाराचाच एक ढीग. आम्ही नव्वदच्या आसपास होतो म्हणून निभावलं. ताशी ८० वर ब्रेकनंतर गाडीला जेवढं अंतर लागतं, ११० वर त्याच्या जवळजवळ दुप्पट लागतं. एकशे दहावर असतो तर मी हे लिहायला असतो का, ठाऊक नाही. डबी शांत होती. तिचा काय दोष? ट्रॉली रडार सोडत नाही.

भाच्याची तक्रार अगदीच खोटी नाही. वेगमर्यादेचे फलक कुठे झाडाआड, कुठे कामाच्या पत्र्यांमागे. ई-चलन कधीकधी इतकं उशिरा येतं की त्या दिवशी आपण कुठे होतो तेही आठवत नाही. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर हलक्या वाहनाला वेगासाठी एक ते दोन हजारांचा दंड आहे. पगारदार पोराला तो लागतो. पण फलक दिसत नाही याला उपाय फलक मागणं आहे. लपून मोजणाऱ्याला चुकवायचं यंत्र लावलं की माणूस फक्त पोलिसांपुरता हळू होतो, आणि नेमका तिथेच अचानक ब्रेक मारतो. गुगल मॅपवर कॅमेऱ्याची सूचना ऐकून फक्त तेवढ्यापुरता वेग कमी करणारे माझे साठीतले मित्रही त्यातच आले. मीही कधीतरी आलोच.

गंमत अशी की त्याच आरशाला माझ्या बहिणीनं सफरची दुआ लॅमिनेट करून अडकवली आहे. पट्टी बसवताना मी ती हातानं बाजूला सारली होती. खांद्यावरचे दोन कातिब फरिश्ते सगळं लिहून घेतात हे आम्ही पोरांना मदरशाच्या वयात शिकवतो, आणि मग मामूच त्यांना दोन हजार वाचवायला क्लिप बनवून देतो.

परतताना बोललो तर म्हणाला, "मामू, बनवलीत तुम्हीच." बरोबर आहे. बहिणीला अजून काही सांगितलेलं नाही. मेस्त्रींना सांगितलं, तर त्यांनी कोपऱ्यातला लाल रिफ्लेक्टर टेपचा गुंडाळा दाखवला. ट्रॉलीवाले वेल्डिंगला आले की न विचारता मागे दोन पट्ट्या चिकटवतात म्हणे. मी एक गुंडाळा विकत घेऊन त्यांच्याकडेच ठेवला.

भाचा शनिवारी येतोय. दहा नंबरचा पाना मी काढून ठेवलाय.